चारशे टोप्या आणि पाच नोंदवह्या

शिरोली एमआयडीसीतील आमच्या कारखान्यात पंपांचे सुटे भाग मशीनिंग करून दिले जातात. फाउंड्रीकडून कास्टिंग, म्हणजे ओतीव भाग, घ्यायचे, लेथ आणि व्हीएमसी या कातकामाच्या यंत्रांवर ते घडवायचे, काही नग पावडर कोटिंगला बाहेर पाठवायचे, तपासायचे आणि ग्राहकाकडे रवाना करायचे, एवढाच मालाचा प्रवास. मी नियोजन विभागात रुजू झाले तेव्हा यंत्रे ७ होती आणि साऱ्या कारखान्याचा हिशेब मालकांच्या डोक्यात असे. यंत्रे १९ झाली, दुसरी पाळी सुरू झाली, आणि तो हिशेब डोक्यातून उतरून गेट, स्टोअर, उत्पादन, गुणवत्ता आणि अकाउंट्स अशा पाच ठिकाणच्या नोंदवह्यांत विखुरला.

निकड निर्माण केली ती ई-इन्व्हॉइसने, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायच्या बिलाने. १ ऑगस्ट २०२३ पासून वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या पुढे असलेल्या व्यवसायांना ते बंधनकारक झाले आणि आम्ही त्यात आलो. तोपर्यंत डिस्पॅचचा मुलगा संध्याकाळी पावणेसातला ‘मोठी टोपी २४०’ अशी, पार्टचे बोलीतले नाव आणि नगसंख्या एवढीच असलेली चिठ्ठी अकाउंट्समध्ये नेऊन देत असे आणि बिल कसेबसे निघत असे. आता ग्राहकाचा पार्ट नंबर, एचएसएन (मालाच्या प्रकाराचा जीएसटी कोड) आणि ऑर्डर क्रमांक अचूक भरून पोर्टलवरून आयआरएन, म्हणजे बिलाचा नोंदणी क्रमांक, आल्याशिवाय टेम्पो सोडता येईना. नगसंख्या चुकली तर आयआरएन २४ तासांच्या आत रद्द करावा लागे. ती मुदत उलटली की बिलाची रक्कम कमी करणारी क्रेडिट नोट. पहिल्याच महिन्यात टेम्पो रात्री नऊपर्यंत थांबण्याचे प्रकार इतके झाले, की ड्रायव्हर जेवणाचा डबा सोबत आणू लागला.

मालकांनी मग एक तयार ईआरपी, म्हणजे सगळ्या विभागांचा हिशेब एकत्र ठेवणारे सॉफ्टवेअर, विकत घेतले. सगळे विभाग एकाच दिवशी त्यावर आणायचे ठरले आणि तिथेच आमचे चुकले. पाळी संपताना यंत्रावरचा माणूस आकडा कागदावरच लिहीत होता, आणि आठवड्याचे ते कागद दोन मुली शनिवारी बसून संगणकात भरत होत्या. म्हणजे नोंदवह्या पाचच्या सहा झाल्या. तीन महिन्यांत आम्ही ते बंद केले. दोष सॉफ्टवेअरचा नव्हता, असे मला आजही वाटते. विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे आमच्याकडेच एकसारखी नव्हती.

दुसऱ्या खेपेला मी मालकांकडे एकाच पार्टसाठी महिनाभर मागितला. पंपाचे बेअरिंग कव्हर निवडले. फाउंड्री त्याला पॅटर्न नंबरने, म्हणजे ओतकामाच्या नमुन्याच्या क्रमांकाने ओळखत होती, ग्राहक पार्ट नंबरने, आमचे गुणवत्ता तपासनीस ड्रॉइंग नंबरने, आणि शॉपवर, म्हणजे यंत्रांच्या विभागात, सगळे जण त्याला ‘मोठी टोपी’ म्हणत. एका लॉटच्या मागे मी गेटपासून टेम्पोपर्यंत फिरले. स्टोअरच्या वहीत ४०० नग होते, उत्पादनाकडे ३९१, गुणवत्तेकडे ३७९, आणि अकाउंट्सकडे नग नव्हतेच, फक्त १६८० किलो होते.

यात कोणीही खोटे लिहिलेले नव्हते. फाउंड्री कास्टिंग किलोवर विकते आणि आम्ही तयार माल नगावर विकतो. स्टोअरकीपर मामा वजनकाट्यावरच्या १६८० किलोंना ड्रॉइंगमधल्या ४.२ किलोंनी भागून ४०० लिहीत होते. प्रत्यक्षात नग सरासरी ४.३ किलोचा येत होता, म्हणून मोजल्यावर ३९१ भरले. प्रत्येक टोपीवरची ती जादा शंभर ग्रॅम धातू आम्ही कास्टिंगच्या दराने घेत होतो, कातून चिप्स करून काढत होतो आणि भंगाराच्या दराने विकत होतो. हे मालकांना दाखवले त्या दिवसापासून ‘संगणकाचे खूळ’ हा शब्द ऑफिसात पुन्हा ऐकू आला नाही.

उरलेले १२ नग गुणवत्तेने ‘रिजेक्शन’ या एकाच रकान्यात टाकले होते. त्यांतले ८ ब्लो होलचे (ओतताना आत वायू अडकून पडलेल्या पोकळ्यांचे), म्हणजे फाउंड्रीच्या पदरात घालायचे. ४ नगांचा बोअर, म्हणजे आतले भोक, आमच्याच यंत्रावर मोठा झालेला. अकाउंट्सने मात्र १२ही नगांचे पैसे फाउंड्रीकडून वळते करायची डेबिट नोट काढली होती, आणि फाउंड्रीने ती परत पाठवली यात नवल नव्हते. सीआर (कास्टिंगच्या दोषाचे रिजेक्शन) आणि एमआर (मशीनिंगच्या दोषाचे) हे शब्द शॉपवर रोज बोलले जातात, पण कागदावर ते वेगळे नव्हते.

त्यानंतर आम्ही ठरवले, की प्रत्येक आकडा पहिल्यांदा कोणी लिहायचा ते नक्की करायचे आणि पुढच्यांनी तो फक्त वाचायचा. नग गेटवर मोजणार, हीट नंबर, म्हणजे फाउंड्रीतल्या त्या ओतीचा क्रमांकही तिथेच टॅबवर भरला जाणार. वजन वेगळ्या रकान्यात. लॉटबरोबर कामाचे टप्पे लिहिलेले, बारकोड असलेले रूट कार्ड फिरणार. टॅलीत इतरांना प्रवेश द्यायला अकाउंट्सच्या बाईंनी ठाम नकार दिला आणि तो मला पटला. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद राहणे सक्तीचे आहे, तेव्हा दहा हातांची खाडाखोड त्यांनी का निस्तरावी? डिस्पॅचची पॅकिंग स्लिप तयार झाली की ती त्यांच्याकडे जाते आणि त्या ती तपासून आत घेतात.

दोन महिन्यांनी मला कळले, की मामा अजून खिशातल्या डायरीत लिहितात. मला राग आला. मी डायरी मागितली तेव्हा ते म्हणाले, “मॅडम, बिलाशिवाय आलेला माल तुमच्या टॅबात कुठं लिहू ते सांगा, मग डायरी बंद करतो.” त्यांचे बरोबर होते. बिल मागाहून येणारा माल, ड्रॉइंगची रिव्हिजन बदलल्यामुळे बाजूला ठेवलेला माल, ग्राहकाने ‘थांबा’ म्हटलेला माल, यांपैकी कशालाच आम्ही जागा ठेवलेली नव्हती. त्या डायरीच्या तीन पानांवरून मी ‘होल्ड’ची चार कारणे उतरवून घेतली आणि ती यादीत घातली.

सर्वांत मोठी सुटका जॉब वर्कच्या, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाच्या, चलनांमध्ये झाली. पावडर कोटिंगला गेलेला माल तुकड्या-तुकड्यांनी परत येतो. तो वर्षभरात परत आला नाही, तर पाठवला त्या दिवशीच पुरवठा झाला असे जीएसटी कायदा धरतो. पूर्वी आयटीसी-०४ हे जॉब वर्कच्या मालाचे जीएसटी विवरणपत्र भरण्याआधी दोन दिवस जुन्या चलनांची चळत उपसावी लागे. आता कोणत्या चलनावर किती नग बाकी आहेत आणि किती दिवस झाले, ते सकाळी चहाच्या आधी दिसते.

टूल रूम अजून कागदावरच आहे आणि दुसऱ्या पाळीचा एक सुपरवायझर रूट कार्ड स्कॅन करायचे विसरतो. त्याला रोज रात्री दहाला मी फोन करते. कोटिंगवाले तर परतीच्या चलनावर अजूनही नगांऐवजी किलो लिहितात. दर गुरुवारी त्यांचा टेम्पो आला की मामा टॅब काखेत धरून गेटवर उभे राहतात आणि टोप्या एक-एक करून मोजून घेतात.