ओपन ऑफरमध्ये आप्पांचे शेअर दिले तेव्हाचा माझा अनुभव

आप्पांच्या डिमॅटमध्ये एका कंपनीचे ६०० शेअर कधीचे पडून होते, बेळगावच्या उद्यमबागेतलं मशीन शॉप बघता बघता त्यांचं खातंही मीच बघतो. एका सकाळी चुलत भावानं मुंबईहून मराठी पेपरातल्या जाहिरातीचा फोटो पाठवला, तो बघून आप्पा, "आपली कंपनी विकायलेत काय रे?" (इथं घरपट्टीचा कागद कन्नडात येतोय, पण शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीच्या नियमानं ही जाहिरात शेअर बाजाराच्या गावच्या, म्हणजे मुंबईच्या, भाषेतही द्यावी लागते, म्हणून मराठीत.)

झालं असं की नव्या मालकानं प्रमोटरकडून, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडून, ४० टक्के शेअर घेतले होते. २०११ च्या नियमानं २५ टक्क्यांचा टप्पा ओलांडला की बाकीच्या शेअरधारकांकडून किमान २६ टक्के शेअर घ्यायची ऑफर द्यावीच लागते, हीच ओपन ऑफर, आधीच्या १९९७ च्या नियमात हे १५ आणि २० होतं. भावही मनाला येईल तो नाही, प्रमोटरला दिलेला दर, बाजारभावाची ६० दिवसांची सरासरी असलं सगळं बघून सगळ्यात जास्त असेल त्याच्या खाली जाता येत नाही. आमची ऑफर शेअरमागे ३४० रुपयांची.

आप्पा म्हणाले, सगळे देऊन टाक. म्हटलं, सगळे घेणार नाहीत ओ, बाहेर ६० टक्के आहेत आणि ते घेणार २६, सगळ्यांनी दिले तर शंभरातले ४३ च. "म्हणजे पोत्यातली निम्मी ढबू मिरची घेऊन बाकी परत ने म्हणतो तो दलाल!" होय की, तसंच.

मुदत दहा कामकाजाचे दिवस. सुरुवातीला बाजारात ३५२ होता, मग ३४० ला कशाला द्यायचे म्हणून मी गप्प बसलो, सातव्या दिवशी ३३१ झाला आणि माझी धावपळ सुरू. ब्रोकरच्या ऑफिसातला पोरगा म्हणतो "तसलं काय आमच्याकडं नाही सर", एक दिवस त्यातच गेला, शेवटी त्यांच्याच अ‍ॅपमध्ये एका कोपऱ्यात सापडलं आणि नवव्या दिवशी ओटीपी टाकून टेंडर केलं, म्हणजे शेअर ऑफरमध्ये देऊ केले. शेअर खात्यातच राहतात, फक्त त्यांच्यावर लीन लागते, म्हणजे ते अडकवून ठेवतात, आणि एकदा दिले की मागे घेता येत नाहीत. त्या रात्री भाव परत वर गेला तर काय म्हणून झोप नाही आली.

३७२ घेतले, पैसे दोन आठवड्यांच्या आत जमा. उरलेल्या २२८ ची लीन निघाली. काल त्यांचा भाव ३०९ होता, आप्पांना अजून सांगितलेलं नाही.