एकोणशंभर

८ जुलै

रात्री दप्तर आवरताना लेकीची चौकटीची वही हातात आली. वर्गात १ ते २० अंक काढायला दिले होते. पहिली ओळ सुबक, चौकटीच्या बाहेर एक टोक नाही. दुसऱ्या ओळीत १३ मधला ३ उलटा, १५ मधला ५ उलटा, १७ मधला ७ चक्क आडवा झोपलेला. मी चमकलेच. गेल्या दिवाळीपासून ही शंभरापर्यंत न अडखळता लिहिते. डोळ्यांचं काही असेल का, अशीही शंका येऊन गेली.

ती अंथरुणात जागीच होती. विचारलं, "अगं, हे तीन असे का काढलेस?"

अगदी सरळ सांगितलं तिनं. "सगळं बरोबर आलं की बाई वही लवकर घेतात. मग हाताची घडी घालून बसायचं असतं. चुकलं की खोडायला मिळतं."

पाच वर्षं आणि चार महिने वय आहे तिचं. मोठ्या गटात जाऊन महिनाच झालाय. रिकामं बसायला लागू नये म्हणून चुकायचं, हे तिचं तिनं शोधून काढलंय. आता झोप येईना, म्हणून हे लिहीत बसले आहे.

११ जुलै

बँकेतून येताना तिला घेऊन सांगली स्टँडवर थांबले होते. तासगाव, विटा, जत, सगळ्या पाट्या तिनं वाचल्या. 'कवठेमहांकाळ'पाशी अडली. ठ सुटला, 'महां'वर थांबली, ओठ हलवत तीनदा मनात म्हणाली आणि मग एका दमात पूर्ण शब्द. तो एक क्षण तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते शाळेतून आणताना गेल्या महिन्यात एकदाही दिसलेलं नाही. येणाऱ्या गोष्टीनं ती खूश होत नाही. येता येता राहिलेली गोष्ट आली की होते.

घरी भाकरी थापत होते तर ओट्यापाशी येऊन म्हणाली, "आई, एकोणीस म्हणजे विसाला एक कमी ना?" मी हो म्हटलं. "मग एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. एकोणचाळीस, एकोणपन्नास, एकोणसाठ..." एकोणनव्वदपर्यंत धडाधड गेली आणि थबकली. "मग नव्याण्णव का? एकोणशंभर का नाही?"

तव्यावरची भाकरी करपली. मला उत्तर देता आलं नाही. 'एकोण' म्हणजे एक ऊन, एक कमी, एवढं मला ठाऊक होतं. पण ती वाट शंभराच्या दारात मोडते, हे इतक्या वर्षांत माझ्या लक्षातच आलेलं नव्हतं. उद्या शोधू म्हटलं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात सत्तावीसच्या जोडीला 'वीस सात' आलं होतं, तेव्हा महाराष्ट्रभर केवढा गदारोळ झाला होता. गणितज्ञ मंगला नारळीकर बाई तेव्हा शांतपणे समजावत होत्या की आपल्या संख्यानामांत जोडाक्षरं फार, शिवाय लिहिताना दोन आधी आणि बोलताना सात आधी, इथं मुलं अडखळतात. म्हणजे मोठ्या माणसांनी वर्षानुवर्षं विचार केलेल्या जागेवर ही आपल्या पायांनी जाऊन उभी राहिली. आणि उद्या वर्गात ती १ ते २० पुन्हा काढणार आहे.

१४ जुलै

घरात बोलणं झालं. सासूबाईंचं म्हणणं, "लहान आहे गं, खेळू दे. पुढं जन्मभर अभ्यासच आहे." ह्यांचंही थोडंफार तेच. मी चिडले नाही, कारण त्यांचं चुकत नाही. खेळायचं वय आहे आणि ती खेळतेच. संध्याकाळी अंधार पडेपर्यंत अंगणात असते, गुडघे फुटलेले असतात. प्रश्न शाळेतल्या तीन तासांचा आहे. ते तीन तास खेळाचेही नाहीत आणि शिकण्याचेही नाहीत. ते गप्प बसण्याचे आहेत.

ऑफिसातल्या एका ताईंनी पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं नाव काढलं. अप्पा पेंडशांनी १९६२ साली बुद्धिमान मुलांसाठी सुरू केलेलं काम, त्याबद्दल मला फार आदर आहे. पण तिथली प्रशाला पाचवीपासून. पाचवीपर्यंत ही किती ३ उलटे काढेल?

शिवाय मला तिच्यावर कुठलाही शिक्का नको आहे. 'हुशार' हा शब्दसुद्धा मी घरात जपून वापरते. तिला भूक लागली आहे आणि ताटात पुरेसं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे.

१९ जुलै

आज अर्धी रजा टाकून शाळेत गेले. काम बिघडवून आले.

थेट मोठ्या बाईंच्या खोलीत गेले, ही पहिली चूक. तिला काय काय येतं त्याची यादीच वाचली. वाचन, शंभरपर्यंत अंक, बेरीज. आणि शेवटी म्हणून बसले, "तिला पहिलीत बसवता येईल का?" मोठ्या बाईंनी नियम सांगितला. पहिलीसाठी सहा वर्षं पूर्ण हवीत, यात त्यांच्या हातात काही नाही. मग म्हणाल्या, "आजकाल सगळ्याच पालकांना आपलं मूल पुढं वाटतं." वर्गाच्या बाई शेजारीच उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पडलेला मला दिसला. मी त्यांच्याशी एक शब्द न बोलता त्यांच्याच वर्गाची तक्रार वर नेली होती.

येताना आयर्विन पुलावर गाडी बाजूला घेऊन थोडा वेळ उभी राहिले. खाली कृष्णा गढूळ, भरून चाललेली. पहिलीत बसवून काय होणार होतं? दोन ओळी लिहिल्या की तिचा हात दुखतो. हरली की रडते. डबा अजून तिला एकटीला उघडत नाही. सहा-सात वर्षांच्या मुलांत ती दुसऱ्याच कारणानं गप्प बसली असती. मला पुढचा वर्ग नको होता. मला याच वर्गात, याच मुलांत, तिच्यासाठी थोडं कठीण काम हवं होतं. हे मला तिथं बोलता आलं नाही, कारण तोवर मला स्वतःलाच ते उमगलेलं नव्हतं.

२७ जुलै

आठवडाभर वाचतेय. २०२० च्या शैक्षणिक धोरणात तीन ते आठ हा एकच पायाभूत टप्पा धरलाय, बालवाडीची तीन वर्षं आणि पहिली-दुसरी. म्हणजे पाच वर्षांच्या मुलीनं दुसरीचं गोष्टीचं पुस्तक वाचलं तर ती टप्प्याच्या बाहेर जात नाही. ज्या मुलांना एखाद्या विषयात विशेष गती आहे त्यांना शिक्षकांनी पूरक साहित्य द्यावं, असंही त्यात आहे.

पण धीर दिला तो ताराबाई मोडकांनी. १९४५ मध्ये बोर्डीला त्यांनी आणि अनुताई वाघांनी बालवाडी सुरू केली, पुढं १९५७ मध्ये काम कोसबाडला नेलं. आदिवासी मुलं शाळेत येत नसत, तर बाई पाड्यावर जाऊन अंगणात शाळा भरवायच्या. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा. त्या मुलांची गरज आणि माझ्या लेकीची गरज एका तराजूत घालायची नाही, हे मला कळतं. पोटभर खाऊन, धुतलेला गणवेश घालून ती शाळेत जाते. पण मूल जिथं आहे तिथं शाळेनं जायचं, ही रीत आपल्याच मातीतली आहे. कोणी ओसरीवर असतं, कोणी कवठेमहांकाळच्या पाटीपाशी.

२ ऑगस्ट

आज शाळा सुटल्यावर फक्त वर्गाच्या बाईंना भेटले. आधी माफी मागितली. "बाई, मी तुमच्याशी आधी बोलायला हवं होतं." त्या काही बोलल्या नाहीत, सतरंजी झटकत राहिल्या. मग मी यादी वगैरे काही काढली नाही. वहीचं ते पान उघडून पुढं धरलं आणि खोडायला मिळतं म्हणून ती चुकते, हे तिच्याच शब्दांत सांगितलं.

बाईंनी ती ओळ बोटानं दोनदा पाहिली. उलटा ३, उलटा ५. "मला वाटलं होतं, हिला अजून सराव हवा," त्या म्हणाल्या. आणि सतरंजीवर बसल्या. मीही बसले.

मग त्या बोलल्या आणि मी ऐकलं. वर्गात छत्तीस मुलं, मदतीला एक मावशी, त्याही निम्मा वेळ शूच्या रांगेत. सात मुलांना पेन्सिल धरता येत नाही. दोघं अजून रोज रडतात. "कुणाकडं बघू, सांगा." मला उत्तर देता आलं नाही आणि द्यायचंही नव्हतं. मी एवढंच म्हटलं, "तिला जास्त देऊ नका. वीसच्या जागी शंभर काढायला लावले तर ती आणखी चुका करेल. वेगळं काहीतरी द्या, विचार करावा लागेल असं. साहित्य मी घरून देते."

अंक संपले की तिनं कोपऱ्यातल्या डब्याकडं जायचं, असं ठरलं. डबा मी भरायचा, आत काय ते बाईंनी ठरवायचं. आणि तिच्याबरोबर ज्याला यावंसं वाटेल त्यानं यायचं. ही शेवटची अट बाईंची. मला ती सुचली नसती.

९ ऑगस्ट

डब्यात पहिल्यांदा चिंचोके गेले. सासूबाईंनीच चिंचेच्या बरणीतून निवडून धुऊन दिले. बाईंचा प्रश्न होता, दहा चिंचोक्यांचे दोन ढीग किती तऱ्हांनी करता येतात.

घरी आल्यावर चप्पलसुद्धा न काढता सांगत होती. शेजारी बसणारा मुलगाही आला होता. त्याला अजून दहापर्यंत मोजताना आठ राहून जातो. तो मोजायचा, ही वेगवेगळे ढीग पाडायची. मग दोघांचं भांडण झालं. एकीकडं दहा आणि एकीकडं काहीच नाही, हे दोन ढीग झाले का? तो म्हणाला, नाही, रिकामा ढीग कुठं असतो. ही म्हणाली, असतो, जागा ठेवलीय ना. बाईंनी निकाल दिला नाही, "उद्या सांगा" म्हणाल्या. मोजताना आठ विसरणारा मुलगा शून्यावरून वाद घालत होता. बाईंची ती अट किती खरी होती, ते मला आज कळलं.

२० ऑगस्ट

बाईंनी आज एकोणशंभरचा प्रश्न सगळ्या वर्गाला विचारला म्हणे. नव्याण्णवला दुसरं नाव काय ठेवाल? एकानं 'शंभर येतंय' असं सुचवलं. ते ऐकून मला भरून आलं.

वहीत सध्या उलटा ३ नाही. रोज सगळं छान चाललंय असं मात्र नाही. मंगळवारी बाई रजेवर होत्या, बदली बाईंनी डबा उघडू दिला नाही, ती पुन्हा घडी घालून बसली. मी डायरीत चार ओळी लिहून दिल्या. लागतील तेवढ्या वेळा देईन.

२४ ऑगस्ट

आज रडत आली. बाईंनी तेरा चिंचोके दिले होते, सारखे ढीग पाडायला. दोन केले, एक उरला. तीन केले, एक उरला. चार केले तरी एक. पाच केले तर तीन उरले. "तेराचं काहीच होत नाही!" म्हणून हुंदके. बारा किती शहाणा आहे, दोन, तीन, चार, सहा, कसाही वाटला तरी जमतो. तेराच हट्टी.

ह्यांनी उत्तर सांगायला तोंड उघडलं, मी खुणेनं थांबवलं. डोळे पुसून तिनं ताट बाजूला सारलं आणि पुन्हा मांडामांड केली. सहा केले. एक उरला. सात केले, सहा उरले. जेवण निवून गेलं. सासूबाईंनी दोनदा हाक मारली आणि मग त्याच येऊन शेजारी बसल्या, आठचे ढीग लावायला मदत करू लागल्या.

झोपताना मूठ उघडायला तयार नव्हती. आत्ता पाहून आले. हात उघडा पडलाय, उशीपाशी अकरा आहेत. दोन कॉटखाली गेलेत, ते शोधून ठेवते.