लॅपटॉप गोठतो: नोंद चौथी, मांद्रे

दहा-बारा दिवसांपूर्वी रात्री साडेबाराला माझा लिनक्सवाला लॅपटॉप पुन्हा गोठला. भारी काम काहीच चालू नव्हतं. एक पीडीएफ उघडी होती आणि मी बाल्कांवात (घरापुढच्या ओसरीत) पाऊस बघत बसलो होतो. परत आलो तर घड्याळ १२:३१ वर थांबलेलं. कॅप्स लॉकचा दिवा बदलेना, दुसऱ्या मशीनवरून पिंग केलं (जिवंत आहेस का, असा नेटवर्कवरून संदेश पाठवला) तर उत्तर नाही, सिसरिक्वेचाही (कर्नलला थेट हुकूम देणाऱ्या कळीचाही) उपयोग झाला नाही. म्हणजे डेस्कटॉप नव्हे, कर्नलच, लिनक्सचा गाभाच, अडकला होता. आधीच्या बूटचा लॉग १२:३१ ला मध्येच तुटलेला, एकाही चुकीची नोंद नाही.

गेल्या नोंदीत मी सगळा दोष उष्णतेवर टाकला होता. उघडल्यावर दिसलंच तसं: पंख्यामागच्या जाळीत कापसासारखा थर, तांब्याच्या नळीवर खाऱ्या हवेचे हिरवट डाग, प्रोसेसरवरची उष्णता वाहून नेणारी पेस्ट खडूसारखी सुकलेली. म्हापशाहून नवी पेस्ट आणून लावली. स्ट्रेस-एनजी (प्रोसेसरला मुद्दाम ताण देणारा प्रोग्रॅम) वीस मिनिटं चालवल्यावर तापमान पूर्वी ९१ अंशांवर जायचं, आता ७० वर थांबतं. तो बिघाड खरा होता, पण गोठण्याशी त्याचा संबंध नव्हता. तापलेला प्रोसेसर आधी आपला वेग उतरवतो, हद्द ओलांडली तर सरळ बंद पडतो. ४८ अंशांवर, रिकामा असताना, पडद्यावरचं चित्र तसंच ठेवून तो थिजत नाही.

रिकामा असताना, हाच धागा धरला. प्रोसेसर आहे पेंटियम एन३५४०, इंटेलच्या बे ट्रेल पिढीतला. काम नसलं की कोअर (प्रोसेसरमधले स्वतंत्र भाग) कमी-जास्त गाढ झोपतात: सी१ मध्ये फक्त क्लॉक थांबतो, सी६ मध्ये कोअरची स्थिती बाजूला साठवून त्याची वीजच काढून घेतली जाते. या पिढीत त्या गाढ झोपेत ये-जा करण्यातच मशीन अडकतं. कर्नलच्या बगझिलात (चुकांच्या जाहीर नोंदवहीत) १०९०५१ क्रमांकाखाली याची लांबलचक चर्चा आहे.

बूट होताना कर्नलला दिल्या जाणाऱ्या ओळीत इंटेल_आयडल.मॅक्स_सीस्टेट=१ घातलं, म्हणजे सी१ पलीकडची गाढ झोप बंद. नऊ दिवस एकदाही गोठला नाही! पण बॅटरी पाऊण तास कमी पुरू लागली, आणि इथे पावसाळ्यात लाइट कधी जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे तो पाऊण तास मला फार मोलाचा.

म्हणून काल ती ओळ काढली. आता बूट झाल्यावर एक छोटी स्क्रिप्ट प्रत्येक कोअरच्या सीपीयूआयडल (झोपेच्या अवस्थांच्या) फोल्डरात जाऊन सी६एन आणि सी६एस या सी६ च्या दोनच अवस्थांच्या डिसेबल फाइलीत १ लिहिते, म्हणजे त्या बंद करते. त्याहून गाढ झोपेची सी७ चालू ठेवते, म्हणजे बॅटरी वाचेल. अवस्थांचे क्रमांक ठोकून न घालता नेम (अवस्थेचं नाव असलेली) फाइल वाचून ओळखा, क्रम बदलला तर भलतीच अवस्था बंद होईल.

आत्ता २६ तास झाले. मशीन मुद्दाम रिकामंच ठेवलंय, टर्बोस्टॅट (कोअर किती वेळ कुठल्या अवस्थेत होते ते मोजणारा प्रोग्रॅम) दर मिनिटाला फाइलीत लिहितोय.