काळोख किती ठेवायचा

एचडीआरचं, म्हणजे एकाच दृश्याचे कमी-जास्त उजेडाचे फोटो जोडून एक फोटो करायचं खूळ एकदा डोक्यात शिरलं की माणूस चांगला उजेड सोडून अवघड उजेडाच्या मागे लागतो. अंधाऱ्या माजघरातली खिडकी, वाड्याच्या दिंडीतून दिसणारं भर दुपारचं अंगण, असलं काही दिसलं की हात कॅमेऱ्याकडे जातोच, कारण साधा फोटो तिथे हमखास हरतो. आभाळ नीट आलं तर खोली काळीकुट्ट, खोली आली तर आभाळ पांढरंफटक.

माझी लाडकी जागा कार्ल्याचं चैत्यगृह. दोन हजार वर्षांपूर्वीचं काम, छताला अजून मूळच्या लाकडी कमानी, स्तूपावर लाकडी छत्री, आणि उजेडाला दर्शनी भिंतीतलं ते भलंमोठं गवाक्ष. लेण्याचं तोंड पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलली की उजेड आत येतो खरा पण खांबांमागच्या वाटा अंधारातच राहतात. मग ब्रॅकेटिंग लावायचं, म्हणजे लागोपाठ तीन फोटो, एक नॉर्मल, एक दोन स्टॉप खाली, एक दोन स्टॉप वर. एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड, दोन म्हणजे चौपट, तेव्हा मधला फोटो १/१५ सेकंदाचा असला तर बाकीचे १/६० आणि १/४. अ‍ॅपर्चरला (लेन्सच्या उघडझाप होणाऱ्या छिद्राला) हात लावायचा नाही. ट्रायपॉडला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, म्हणून कॅमेरा जमिनीवर बॅगेवर टेकवायचा, सेल्फ टायमर लावायचा आणि श्वास धरून बसायचं (श्वासाचा काही संबंध नसतो, तरी). नेमकी तेव्हाच एकवीरेचं दर्शन घेऊन आलेली मंडळी समोरून जातात आणि घरी फोटो मर्ज केले की एकाच काकूंची तीन भुतं! सॉफ्टवेअरमधलं डीघोस्टिंग त्यांना घालवतं, कधीकधी निम्म्याच घालवतं.

युक्ती तशी जुनी आहे हां. फ्रान्सचा फोटोग्राफर गुस्ताव्ह ल ग्रे १८५० च्या दशकात समुद्राची एक आणि आभाळाची एक अशा दोन निगेटिव्ह क्षितिजावर जोडायचा, कारण तेव्हाच्या मसाल्यात आभाळ पांढरंच पडायचं. तेच ढग त्याने एकापेक्षा जास्त फोटोंत वापरलेत, आवडले असणार. वेगवेगळ्या एक्स्पोजरच्या फोटोंवरून खरा उजेड किती होता ते काढायचं गणित संगणकशास्त्रज्ञ पॉल डेबेव्हेक आणि आयआयटी कानपूरला शिकलेले जितेंद्र मलिक यांनी १९९७ मध्ये मांडलं, ते आजही वापरात आहे.

पण गणितानंतर येतं टोन मॅपिंग, म्हणजे उजेड-अंधारातलं अंतर दाबून कमी करणं, कारण एवढी रेंज साध्या स्क्रीनवर मावतच नाही, आणि तिथे स्लायडर तुमच्या हातात. फोडणीत हळद जास्त पडावी तसे फोटो इथेच होतात, जांभळं आभाळ, कडांना पांढरी वलयं. लोक म्हणतात एचडीआर म्हणजे डोळ्यांना दिसतं तसं. मला नाही पटत. लेण्यात शिरल्यावर डोळे सरावायला काही मिनिटं जातात, आणि गवाक्षाकडे बघून परत खांबांकडे वळलं की पुन्हा सगळं गडद. एका वेळी सगळं कुणालाच दिसत नाही, म्हणून मी कमानी मोजता येतील इतपतच शॅडो (अंधारे भाग) उघडतो आणि खांबांमागचं काळं ते काळंच ठेवतो.

बायकोला हे मान्य नाही. तिच्या मोबाईलने क्षणात बरेच फोटो घेऊन, स्वतःच जोडून, सगळं लख्ख करून दिलं. "हे बघ, खांबांवरचे हत्ती दिसतायत. तुझ्यात कुठायत?"

हत्ती दिसतायत हे खरंय. पुढच्या खेपेला हत्तींसाठी वेगळं ब्रॅकेट लावून बघणारे, वरच्या बाजूला तीन स्टॉपपर्यंत, बॅगेऐवजी बीनबॅग नेऊन.