ला पाल्मा : जुन्या खडकाकडून ताज्या राखेकडे, पायी

स्पेनच्या कॅनरी द्वीपसमूहातले ला पाल्मा हे बेट आफ्रिकेच्या वायव्य किनाऱ्यासमोर, अटलांटिक महासागरात आहे. त्याचे क्षेत्रफळ ७०८ चौरस किलोमीटर, म्हणजे एखाद्या लहान तालुक्याएवढे. पण त्याचे सर्वोच्च शिखर २,४२६ मीटर उंच आहे. बेटाचा उत्तर भाग सर्वांत जुना असून ज्वालामुखीची क्रिया लाखो वर्षांच्या काळात हळूहळू दक्षिणेकडे सरकत गेली आहे, आणि लिखित इतिहासात नोंदलेले सगळे उद्रेक दक्षिणेच्या कुम्ब्रे व्हिएखा या डोंगररांगेवरच झाले आहेत. म्हणून मार्गदर्शकाशिवाय चालायला जाणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, मुक्काम आणि वाटा उत्तरेकडून दक्षिणेकडे लावाव्यात. बहुतेक प्रवासी पश्चिमेकडच्या एखाद्या गावात मुक्काम ठेवून रोज गाडीने वेगवेगळ्या वाटांच्या तोंडाशी जातात. ते सोयीचे आहे यात शंका नाही, पण मग जमिनीचे वय पायांना कळत नाही. आम्ही दोघांनी ईशान्येला लोस साउसेस, पश्चिमेला लोस यानोस आणि दक्षिणेला लोस कनारियोस असे मुक्काम केले, आणि प्रत्येक टप्प्यावर पायाखालचा खडक अधिकाधिक ताजा होत गेलेला पाहिला.

भारतातून थेट विमान नाही. शेंगेन व्हिसा काढून माद्रिदमार्गे येता येते, किंवा तेनेरिफे बेटावर उतरून तिथून लहान विमानाने अथवा लोस क्रिस्तियानोस बंदरातल्या बोटीने सांता क्रूझ दे ला पाल्मा या राजधानीत पोहोचता येते. युरोपात राहणाऱ्या मराठी मंडळींना काही शहरांतून थेट विमानेही मिळतात. तिकीट काढताना मात्र नाव नीट वाचावे, कारण पाल्मा हे भूमध्य समुद्रातल्या मायोर्का बेटावरचे शहर आहे, लास पाल्मास हे ग्रान कनारियावरचे, आणि ला पाल्मा या दोहोंपासून वेगळे. बेटावरच्या बससेवेचा ३०० क्रमांकाचा मार्ग राजधानी आणि लोस यानोस यांना जोडतो व तो सर्वांत उपयोगाचा आहे. बाकीच्या मार्गांवर फेऱ्या विरळ असतात. डोंगरमाथ्यावरच्या वाटांच्या तोंडाशी बस जात नाही. तिथे टॅक्सीचा खर्च धरूनच अंदाजपत्रक करावे.

वाटांच्या खुणा उत्तम आहेत. लांब पल्ल्याच्या वाटांवर पांढरा-तांबडा, मध्यम वाटांवर पांढरा-पिवळा आणि लहान स्थानिक वाटांवर पांढरा-हिरवा पट्टा असतो. दोन पट्टे एकमेकांवर फुलीसारखे दिसले की त्या दिशेला जायचे नाही. कोणती वाट खुली आहे आणि कोणती बंद, हे बेटाच्या प्रशासनाच्या पायवाटांसाठी असलेल्या संकेतस्थळावर दिसते. दरडी, पाऊस आणि उन्हाळ्यातले वणवे यांमुळे वाटा अचानक बंद होतात. जुलै २०२३ मध्ये वायव्य भागात मोठा वणवा पेटला होता, म्हणून हे संकेतस्थळ रोज सकाळी पाहण्याचा नेम ठेवावा. आमच्या मते फेब्रुवारी ते मे आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हे काळ चालण्यास चांगले.

ईशान्येकडून येणारे व्यापारी वारे समुद्रावरची वाफ घेऊन डोंगराला धडकतात आणि त्या बाजूला मध्यम उंचीवर ढगांचा थर धरून ठेवतात. त्यामुळे लोस साउसेसच्या वरचे लोस तिलोस हे जंगल सदैव ओले असते. एके काळी भूमध्य समुद्राच्या परिसरात पसरलेल्या आणि नंतर तिथून नाहीशा झालेल्या सदाहरित अरण्याचा हा अवशेष आहे. इथली सर्वांत चांगली वाट मार्कोस आणि कोर्देरो या झऱ्यांची. जीपगाडीच्या टॅक्सीने कासा देल मोंते येथे वर जायचे आणि मग कड्याच्या पोटातून नेलेल्या पाण्याच्या पाटाच्या कडेने चालत जायचे. वाटेत १३ बोगदे लागतात. ते हाताने खोदलेले, बुटके आणि अंधारे आहेत, आणि शेवटच्या बोगद्यांत छतातून अक्षरशः पाऊस पडतो. डोक्याला बांधायची विजेरी, पावसाळी कोट आणि पिशवीतले सामान गुंडाळायला प्लास्टिक हवेच. झऱ्यांनंतरची उतरण लांब आणि निसरडी असून गुडघ्यांची परीक्षा पाहते. चढण्याच्या काठ्या इथून पुढे बेटभर उपयोगी पडतात. ज्यांना अरुंद जागेची किंवा कड्याच्या धारेची भीती वाटते, त्यांनी त्याच परिसरातली खालच्या जंगलातली वाट घ्यावी. तीही सुंदर आहे.

ढगांच्या वर गेल्यावर हवा एकदम कोरडी होते. रोके दे लोस मुचाचोस या सर्वोच्च ठिकाणी पहाटे टॅक्सीने जावे आणि काल्देरा दे ताबुरिएन्ते या प्रचंड खळग्याच्या कडेकडेने पूर्वेला पीको दे ला निएवेच्या दिशेने चालावे. वाटेत एक उभी भिंत लागते, तिच्यातल्या फटीतून वाट जाते. जुन्या खडकाच्या भेगेत शिरून गोठलेल्या लाव्हाची ती भित्ती आहे. भोवतालचा मऊ खडक झिजून गेला आणि ती उभी राहिली. सह्याद्रीत फिरणाऱ्यांनी अशा भित्ती कोकणात आणि देशावर पाहिलेल्या असतात. माथ्यावर दुर्बिणींची मोठी वसाहत आहे, १०.४ मीटर व्यासाच्या आरशाची ग्रान तेलेस्कोपिओ कनारियास ही त्यांतली सर्वांत मोठी. आकाशातला अंधार राखण्यासाठी १९८८ मध्ये स्पेनने खास कायदा केला, त्यामुळे गावांतले दिवे मंद आणि खाली वळवलेले आहेत; रात्री गावातून परतताना विजेरी जवळ असू द्यावी. या उंचीवर सकाळी कडाक्याची थंडी आणि दुपारी भाजणारे ऊन असते. पाणी कुठेही मिळत नाही.

काल्देरा हे ज्वालामुखीचे तोंड नव्हे, हे आत उतरल्यावर पटते. जुन्या ज्वालामुखीचा एक भाग ढासळला आणि नंतर ओढ्यांनी लाखो वर्षे तो पोखरला, त्यातून सुमारे ९ किलोमीटर रुंद आणि दीड हजार मीटरहून खोल असे हे दरीचे कढईसारखे रूप घडले. १९५४ पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे. लोस यानोसजवळ दरीच्या तळाशी वाहनतळ आहे. तिथून सामाईक टॅक्सीने लोस ब्रेसितोसला जायचे आणि पाइनच्या जंगलातून ताबुरिएन्ते ओढ्यापर्यंत उतरून, आंगुस्तियासच्या घळीने परत वाहनतळापर्यंत यायचे. घळीत ओढा वारंवार ओलांडावा लागतो. लोहयुक्त पाण्याने एक ओढा नारिंगी झालेला दिसतो. वरच्या डोंगरात पाऊस पडला तर घळीत पाणी एकाएकी चढते, म्हणून पावसाचा अंदाज असेल त्या दिवशी ही वाट टाळावी. आकाश आपल्या डोक्यावर निरभ्र असणे पुरेसे नाही.

या घळीला इतिहासही आहे. स्पॅनिश आक्रमणात सर्वांत शेवटपर्यंत टिकलेला स्थानिक प्रमुख तानाउसू याचा मुलूख हाच. १४९३ मध्ये वाटाघाटीसाठी म्हणून त्याला बाहेर बोलावले आणि दग्याने पकडले. बोटीतून नेत असताना अन्न नाकारून त्याने प्राण सोडला, असे परंपरा सांगते. दरीतला इदाफे हा सुळका त्याच्या लोकांना पूज्य होता. तो कोसळू नये म्हणून ते त्याला नैवेद्य दाखवीत. सुळका वाटेवरून दिसतो. तिथे थोडे थांबावे असे मला मनापासून वाटते.

लोस यानोसच्या मुक्कामात २०२१ च्या उद्रेकाने काय केले तेही पाहावे. १९ सप्टेंबर २०२१ रोजी कुम्ब्रे व्हिएखाच्या पश्चिम उतारावर जमीन फुटली आणि १३ डिसेंबरपर्यंत लाव्हा वाहत राहिला. तोदोके हे गाव नाहीसे झाले, केळीच्या बागा गाडल्या गेल्या, हजारो माणसे बेघर झाली. या शंकूला आता ताहोगाइते म्हणतात. त्याच्या अगदी जवळ अधिकृत मार्गदर्शकाबरोबरच जाऊ देतात, आणि ते योग्यच आहे. घरे गमावलेली माणसे आजूबाजूलाच राहतात. लाव्हावर चढून छायाचित्रे काढण्याचा मोह आवरावा.

दक्षिणेची मुख्य वाट म्हणजे ज्वालामुखींची वाट. एल पिलार या सुमारे १,४५० मीटर उंचीवरच्या वनविहारापासून ती निघते आणि सुमारे १७ किलोमीटरनंतर लोस कनारियोसला पोहोचते. एल पिलारला टॅक्सीने जावे आणि माणशी किमान तीन लिटर पाणी घ्यावे, कारण पुढे नळ नाही आणि सावलीही थोडी. पहिली चढण कॅनरी पाइनच्या जंगलातून आहे. या झाडाची साल जाड असते आणि वणव्यानंतर काळ्या पडलेल्या खोडालाच हिरवी पालवी फुटते. ताहोगाइतेच्या राखेत अर्धवट बुडालेल्या झाडांनाही आम्ही पालवी पाहिली. मग रांगेचा माथा येतो आणि १९४९ च्या उद्रेकाची विवरे लागतात. ओयो नेग्रो हे काळे, खोल तोंड आणि त्यापलीकडे दुरास्नेरोचा गोठलेला लाव्हा. पश्चिमेला ताहोगाइतेचा पिवळट कडांचा शंकू, पूर्वेला समुद्रापलीकडे तेनेरिफेचे ३,७१५ मीटर उंच तेइदे. देसेआदा या सुमारे १,९५० मीटरच्या माथ्यानंतर उतरण सुरू होते, ती थेट दक्षिणेकडे.

ज्यांचे पाय सह्याद्रीच्या कातळावर तयार झाले आहेत त्यांना इथे नव्याने चालायला शिकावे लागते. आपला दगडही लाव्हाचाच, पण तो सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा, घट्ट आणि पावसाने घासलेला. इथला लाव्हा काचेसारखा धारदार आहे आणि त्यावरची बारीक काळी खडी पावलागणिक सरकते. सह्याद्रीत उत्तम पकड देणारे मऊ रबरी तळाचे हलके बूट इथे लवकर झिजतात. जाड तळाचे, घोट्याला आधार देणारे बूट आणि खडी आत जाऊ नये म्हणून पायाला गुंडाळायचे आवरण आणावे. माथ्यावर वारा जोराचा असतो. कधी सहारातून धुळीने भरलेली गरम हवा येते. तशी सूचना असेल तर हा टप्पा पुढे ढकलावा.

शाकाहारी माणसाची उपासमार होत नाही. सुरकुतलेल्या सालीचे खारे उकडलेले बटाटे आणि त्यांबरोबरचा मोहो हा मिरचीचा किंवा कोथिंबिरीचा, लसूण-जिरे घातलेला तिखट रस सगळीकडे मिळतो. बकरीच्या दुधाचे चीज भाजून देतात. गोफिओ हे भाजलेल्या धान्याचे पीठ आपल्या सातूच्या पिठाच्या जवळचे असून वाटेवर फार कामी येते. भाज्यांच्या सारात मात्र डुकराचे मांस असू शकते. ‘मांस नको’ एवढे सांगून भागत नाही, हॅमही नको हे वेगळे सांगावे.

लोस कनारियोसहून दीपगृहापर्यंतचा शेवटचा टप्पा दुसऱ्या दिवसासाठी राखावा. आधी सान अंतोनियोच्या विवराची कडा लागते, मग काळ्या राखेत जमिनीलगत पसरलेल्या द्राक्षवेली, आणि मग तेनेगिया, जो २६ ऑक्टोबर १९७१ रोजी फुटला. त्याच्या लाव्हाने समुद्रात भर घालून बेटाची जमीन वाढवली. त्याच्या कडेला आजही काही भेगांतून ऊब जाणवते. खाली मिठागरे आणि दोन दीपगृहे आहेत. तिथून लोस कनारियोसला परत जाणाऱ्या बसच्या फेऱ्या थोड्या असल्याने शेवटच्या फेरीची वेळ सकाळी निघण्यापूर्वीच टिपून ठेवावी, कारण ती चुकली तर टॅक्सी बोलवावी लागते किंवा सुमारे ७०० मीटरची चढण सैल राखेतून पुन्हा चढावी लागते.