आमची पोरगी कवा दिसणार?

जानेवारी महिन्यात कोल्हापुरातल्या लोकल केबलच्या ऑफिसातला फोन संध्याकाळी सातनंतर खाली ठेवता यायचा नाही. प्रश्न एकच : "आमच्या पोरीचा डान्स कवा लावणार?" शाळेचं गॅदरिंग होऊन चार-पाच दिवस झालेले असायचे. कॅसेट एडिटिंगला पडलेली असायची आणि शिवाजी पेठेपासून कसबा बावड्यापर्यंत आज्ज्या टीव्हीसमोर बसून असायच्या. मुंबई दूरदर्शन १९७२ सालचं, पण त्यावर आपल्या गल्लीतलं कोण दिसणार? नव्वदच्या दशकात घरोघरी केबल गेली आणि पेठेतली पोरं पेठेतल्या टीव्हीवर दिसू लागली. मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतःच्या हातानं कॅमेरा घडवला ते हे गाव. इथं कॅमेऱ्याचं अप्रूप कुणाला नव्हतं. अप्रूप होतं ते त्या कॅमेऱ्यात आपलं पोर दिसण्याचं.

म्हणून गॅदरिंगच्या शूटिंगचे नियमही त्या फोनवरून ठरले. डान्स सुरू झाला की पहिले दहा सेकंद अख्खं स्टेज घ्यायचं. मग पहिली रांग डावीकडून उजवीकडे सावकाश, प्रत्येक चेहऱ्यावर कॅमेरा क्षणभर रेंगाळला पाहिजे. परत येताना मागची रांग. शेवटच्या कडव्याला पुन्हा अख्खं स्टेज. मधे उगाच झूम नाही, तिरका अँगल नाही. मोठ्या चॅनेलवरून शिकून आलेला पोरगा मधल्या देखण्या नाचणारीवर दोन मिनिटं कॅमेरा ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्या पंधरा घरांतले फोन घेत बसायचा. मागच्या रांगेत झाड झालेलं पोरगंसुद्धा दिसलं पाहिजे. ते झाड कुणाच्या तरी घरचं असतंच.

बक्षीस वितरणाचंही तेच. बघणाऱ्याला कंटाळवाणं, पण ते कधी कापायचं नाही. जे पोर नाचत नाही, गात नाही, ते फक्त तिथंच दिसतं. एका बक्षिसाला दहा सेकंद धरले तर ऐंशी बक्षिसांना तेरा-चौदा मिनिटं. ती मिनिटं भाषणातून काढायची.

कारण कॅसेट मोजकी. ई-१८० ची व्हीएचएस म्हणजे बरोबर तीन तास, आणि कार्यक्रम चार-साडेचार तासांचा. ईशस्तवन, स्वागतगीत, प्रास्ताविक, पाहुण्यांची ओळख, अहवालवाचन, पाहुण्यांचं भाषण, अध्यक्षीय भाषण आणि मग कुठं पहिलं कोळीगीत. सगळं घेत बसलं तर शेवटच्या लेझीमला टेप संपते. त्यामुळं पाहुण्यांची सुरुवातीची दोन मिनिटं आणि शेवटचं एक मिनिट घ्यायचं, मधे कॅमेरा बंद. फक्त पॉजवर ठेवून चहाला जायचं नाही. पॉजमध्ये टेप आतल्या फिरत्या ड्रमला घासत राहते, म्हणून मशीन पाचेक मिनिटांत आपणहून सुटतं. मग पुढची सुरुवात तुटक येते, त्या जागी चित्र उडी मारतं. कार्यक्रमपत्रिका आधी वर्गशिक्षिका बाईंकडून मागून घ्यायची आणि त्यावर पेन्सिलीनं मिनिटं मांडायची. छापील पत्रिकेवर मात्र विश्वास ठेवायचा नाही. पाचवीच्या पोरांचा मेकअप झालेला नसतो, म्हणून सातवीचं गाणं आधी लागतं, आणि ते फक्त स्टेजमागच्या बाईंना माहीत असतं.

उजेडाचं काम त्यामानानं सोपं, फक्त बिल आणि फ्यूज सांभाळायचा. १००० वॉटचे चार हॅलोजन म्हणजे २३० व्होल्टला १७ अँपिअरच्या वर. शाळेच्या हॉलमधला मोठा सॉकेट १५ अँपिअरचा. चौथा दिवा लावला की बक्षीस वितरण अंधारात. दोन दिवे एका बोर्डावर आणि दोन ऑफिसच्या बोर्डावरून, हा ठरलेला तोडगा. मैदानावरच्या गॅदरिंगला आणखी एक भानगड असायची. कार्यक्रम पाचला उन्हात सुरू होतो आणि साडेसहाला हॅलोजनवर येतो. उजेडाचा रंग ५६०० केल्विनवरून ३२०० वर उतरतो, म्हणजे पांढऱ्याचा पिवळा होतो. तेवढ्यात व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं कशाला म्हणायचं ते कॅमेऱ्याला दाखवणं, पुन्हा घेतला नाही तर स्वागतगीतातल्या मुली नेहमीसारख्या आणि कोळीगीतातल्या गाजरी. त्यासाठी पांढरा कागद लागतो. तो अहवालाच्या फाइलमधून मिळायचा, सर रागावायचे नाहीत.

सगळ्यात अवघड काम मात्र आवाजाचं. लोकांना कॅमेरा दिसायचा, वायर दिसायची नाही.

कॅमेऱ्याच्या माइकवर विसंबून गॅदरिंग होत नाही. शेवटच्या रांगेमागं स्टँड, मधे चारशे माणसं, खुर्च्यांचं सरकणं, शेंगदाणे, रडणारं तान्हं. त्यात कॅमेऱ्याचं स्वतःचं डोकं असतं. आवाज वाढला की तो कमी करतो, कमी झाला की हळूहळू चढवतो. हलगी वाजून थांबते आणि पाहुणे बोलायला उठतात, त्यांचं पहिलं वाक्य आडातून आल्यासारखं. म्हणून मंडपवाल्याच्या ॲम्प्लिफायरमधून लाइन आउट, म्हणजे स्टेजवरच्या माइकचा आवाज थेट वायरीनं घ्यायचा.

इथंच निम्मी कामं बिघडायची. लाइन आउटचा आवाज साधारण एक व्होल्टचा, कॅमेऱ्याचं माइकचं भोक काही मिलिव्होल्टचं. थेट जोडलं की आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. त्यावर उपाय दोन रेझिस्टरचा. १० किलोओहमचा एक वायरीत ओळीनं आणि १०० ओहमचा एक आवाजाची तार आणि अर्थिंगची तार यांच्या मधे, पिनच्या टोपणातच डाग देऊन बसवायचे. आवाज साधारण शंभरावा हिस्सा होतो आणि कॅमेऱ्याला पचतो. अशी पिन ज्याच्या खिशात, तो खरा शूटिंगवाला. एक गोष्ट नवख्याला पहिल्या दिवशीच बजावायची : लाइन आउट सोडून हॉर्नच्या वायरीला हात लावायचा नाही. त्या लाइनवर १०० व्होल्टपर्यंत जातात, कॅमेऱ्याचं इनपुट जळतं, क्वचित माणसालाही झटका बसतो.

दुसरी पीडा म्हणजे घूं. कॅमेऱ्याचा अडॅप्टर एका भिंतीवर, ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर, दोघांची अर्थिंग वेगळी. ती दोन्ही ऑडिओच्या वायरीतून एकमेकांना भेटली की ५० हर्ट्झची घरघर अख्ख्या कार्यक्रमाखाली राहते. दोन्ही एकाच बोर्डावर घ्या किंवा कॅमेरा बॅटरीवर चालवा, घरघर बंद.

आणि एवढं करून नुसत्या लाइन आउटचं गॅदरिंग ऐकलं तर ते मेलेलं वाटतं. लेझीमला माइक नसतो. टाळ्यांना, शिट्ट्यांना नसतो. मागच्या बाकावरून "ए मुकादम!" म्हणून ओरडणाऱ्याला तर नसतोच. कोल्हापुरातल्या गॅदरिंगमधून शिट्टी काढली तर राहतं काय? म्हणून चार चॅनेलचा छोटा मिक्सर घ्यायचा, एकात लाइन आउट, दुसऱ्यात लोकांचा माइक. हा माइक कॅमेऱ्याजवळ लावायचा नाही. आवाज सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास धावतो. स्टेजपासून तीस मीटरवर तो सेकंदाच्या बाराव्या-अकराव्या भागानं उशिरा पोचतो, आणि लाइन आउटशी मिसळला की प्रत्येक शब्द दोनदा. माइक पहिल्या रांगेसमोर, स्टेजच्या पायरीला बांधायचा, तोंड लोकांकडं. लेझीमचा खुळखुळाट तिथं सुरेख येतो.

रेकॉर्ड डान्सच्या गाण्यांच्या कॅसेटी हा शाळेचा कारभार, पण गोंधळ सगळ्यांचा. नियम असा की एका गाण्याला एक कॅसेट, गाणं सुरुवातीलाच. सुरुवातीची पारदर्शक पट्टी आवाज धरत नाही, साधारण पाच सेकंद जातात, ती पेन्सिलीनं फिरवून आधीच पुढं घ्यायची. हे न केलेल्या वर्गाची पोरं हात वर करून पुतळे होऊन उभी असायची आणि पडद्याआडून बाईंची कुजबुज लोकांच्या माइकवर यायची. डेकचा रबरी पट्टा सैल असला की गाणं किंचित संथ, मग सरावात बसवलेली गिरकी एक ठोका आधीच संपते. ए बाजू आणि बी बाजू यांची अदलाबदल तर दर वर्षाची. गाणं मधेच थांबलं तर कॅमेरा थांबवायचा नाही. अशा वेळी सगळा हॉल टाळ्यांवर ठेका धरून गाणं पुरं करायचा, आणि वर्षभर लोक तेवढंच पुन्हा लावा म्हणायचे.

एडिटिंग दोन व्हीसीआरवर. एकात मूळ कॅसेट, दुसऱ्यात कोरी, आणि बोट पॉजवर. मग त्या कॉपीवरून केबलवर लावायची कॉपी, शाळेची कॉपी, हौशी पालकांच्या कॉप्या. व्हीएचएसमध्ये रंगाची माहिती आधीच तोकडी. प्रत्येक कॉपीला ती आणखी पसरते, आणि सगळ्यात आधी लाल फुटतो. लेझीमच्या पोरांचे लाल फेटे तिसऱ्या कॉपीत डोक्याबाहेर गळायला लागतात. शहाणा संस्थाचालक फेटे भगवे ठेवायचा, निदान शूटिंगवाल्यांची तरी तशी समजूत होती.

गणपती मंडळांचं वर्ष मात्र अनंत चतुर्दशीला भरायचं. खासबागेतून तुकाराम माळी तालमीचा मानाचा गणपती निघाला की मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश मंदिर, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश असं करत मिरवणूक पंचगंगेकडं सरकते, आणि दुसरा दिवस उजाडला तरी संपत नाही. अलीकडे मोठ्या मूर्ती इराणी खणीकडं जातात. केबलवर मिरवणूक लाइव्ह दाखवायची जागा म्हणजे पहिल्या मजल्याची गॅलरी. त्याहून वर गेलं की फक्त टाळकी दिसतात, खाली राहिलं तर झेंडे आडवे येतात.

कॅमेऱ्यापासून कंट्रोल रूमपर्यंत वायर लांबली की चित्रातला रंग आधी जायचा. पाल या आपल्याकडच्या टीव्ही पद्धतीत रंगाची खूण ४.४३ मेगाहर्ट्झवर बसते, आणि लांब कोॲक्स केबलमध्ये वरच्या फ्रिक्वेन्सीच आधी झिजतात. शे-दोनशे मीटरनंतर गुलालही फिका. म्हणून मोड्युलेटर लावून चित्र एखाद्या मोकळ्या चॅनेलवर चढवायचं, वाटेत ॲम्प्लिफायर द्यायचा आणि कंट्रोल रूममध्ये उतरवून घ्यायचं. ॲम्प्लिफायर कमी पडला तर मुंग्या, जास्त दिला तर चित्रावर आडवे पट्टे.

खरी गंमत पुढं. एकवीस फुटी मूर्ती ट्रॉलीवर चढली की रस्त्यावर आडव्या गेलेल्या सगळ्या वायरी तिच्या वाटेत. कार्यकर्ते बांबूला आडवी काठी बांधून वायरी उचलतात. जी उचलत नाही ती कापतात, आणि कापलेली वायर पुष्कळदा तीच मूर्ती दाखवणाऱ्या केबलची निघायची. मंडळाच्या घरची माणसं टीव्हीपुढं बसलेली, बाप्पा चौकात आला आणि पडदा निळा! म्हणून रस्ता ओलांडणारी वायर आधीच पिनेनं जोडून ठेवायची, कापायच्या ऐवजी सोडता यावी, आणि जिन्यात एक पोरगा बसवायचा. मूर्ती पुढं गेली की दीड मिनिटात चित्र परत.

गुलाल आणि पाऊस एकत्र आले की कॅमेऱ्याचे हाल. गुलाल ओल्या फडक्यानं पुसला तर त्याचा रंग सुटून कडेत बसतो. आधी रबरी फुग्यानं वारा, मग कोरडा ब्रश. लेन्सवर साधा काचेचा फिल्टर चढवलेला असला की तो बदलून मोकळं व्हायचं. दमट हवेत पडद्यावर ड्यूचं चिन्ह आलं की मशीन ठप्प. ड्रमवर दव धरलेलं असतं, त्यावर टेप फिरवली तर चिकटून गुंडाळते. कॅसेट काढून झाकण उघडं ठेवायचं आणि तासभर थांबायचं, दुसरा इलाज नाही. ड्रमवरचे टेप वाचणारे हेड मळले तर पांढरा स्वच्छ कागद ड्रमला धरून ड्रम हातानं फिरवायचा. कागद वर-खाली हलवला तर हेड तुटतं.

आता खांद्यावर सिमकार्डांची पेटी घेऊन लाइव्ह करतात. पापाच्या तिकटीला लाखभर मोबाइल एकाच टॉवरवर आले की ती पेटी मान टाकते. म्हणून जाणती मंडळी अजून केबलवाल्याचं फायबर मागून घेतात.

जुन्या कॅसेटींना आता निराळी किंमत आली आहे. शाळा आणि मंडळं कार्यक्रमासाठी केशवराव भोसले नाट्यगृह घ्यायची. शाहू महाराजांनी पॅलेस थिएटर म्हणून १९१५ साली उभं केलेलं ते रंगमंदिर ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडलं. आगीआधीचं ते स्टेज, तो पडदा, त्या बाल्कन्या कुणाच्या तरी कपाटातल्या गॅदरिंगमध्ये मागं उभ्या आहेत.

अशी कॅसेट सापडली तर लगेच व्हीसीआरमध्ये ढकलू नका. कॅसेटीच्या खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी बुरशी दिसली तर ती आधी जाणकाराकडून साफ करून घ्या, नाहीतर हेडवर बसून पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. मागची टॅब मोडलेली आहे ना बघा, नसेल तर मोडा, चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तर गॅदरिंग पुसलं जाणार नाही. एकदा पूर्ण पुढं, एकदा पूर्ण मागं फिरवून टेप सैल करा. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीनच तास लागतात. ७२० बाय ५७६ मध्ये, सेकंदाला २५ फ्रेमनं घ्या. डीव्ही या फॉरमॅटमध्ये ठेवलं तर तासाला १३ जीबीच्या आसपास जागा जाते, जाऊ द्या. ३० फ्रेमला बदललं की लेझीम अडखळतं.

कॅसेटीवर बहुधा नुसतं "गॅदरिंग २" लिहिलेलं असतं. साल शोधायचं तर मागच्या पडद्यावरची थर्माकोलची अक्षरं बघायची, पण शूटिंगवाला चेहऱ्यांच्या मागं लागलेला, त्यामुळं "१९९" दिसतं आणि शेवटचा आकडा पाहुण्यांच्या फेट्याआड. मग सरळ रेकॉर्ड डान्सपर्यंत टेप पुढं घ्यायची. त्या वर्षी गाजलेल्या पिक्चरचं गाणं सातवी ब ने घेतलेलं असतंच.