राधानगरी: पाण्याच्याच जोरावर उघडणारे दरवाजे

कोल्हापूरकरांना राधानगरी धरणाच्या दरवाज्यांची बातमी प्रत्येक पावसाळ्यात ऐकायला मिळते, पण ते दरवाजे पाहायला मुद्दाम जाणारे थोडेच असतात. यंदा धरण भरत आल्याचे कळताच आम्ही हळदी, परितेमार्गे निघालो. अंतर सुमारे 55 किलोमीटर असून राधानगरीपर्यंत एसटी मिळते.

भोगावती नदीवरील हे धरण राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतले आणि आपल्या कन्येच्या नावावरून गावाला राधानगरी हे नाव दिले. 1922 मध्ये महाराजांचे निधन झाले तेव्हा काम अपुरेच होते. धरणाच्या सात स्वयंचलित दरवाज्यांना उघडण्यासाठी ना वीज लागते, ना माणसाचा हात. पाणी ठरावीक पातळीला पोहोचले की त्याच्याच दाबाने दरवाजा उचलला जातो आणि पातळी उतरली की आपोआप बसतो. आम्ही पोहोचलो तेव्हा एकच दरवाजा उघडा होता. त्याच्या खालच्या कडेतून पाण्याचा जाड, मातकट पडदा सुटत होता आणि शेजारच्या बंद दरवाज्याच्या फटीतून मात्र बारीक धार झिरपत होती. एका दरवाज्यातून सेकंदाला 1428 घनफूट पाणी सुटते. हा आकडा वर्तमानपत्रात वाचणे वेगळे आणि पायाखाली त्याची थरथर जाणवणे वेगळे. पायथ्याच्या वीजगृहातही हेच पाणी राबते. शंभर वर्षांपूर्वीच्या संकल्पातून उभ्या राहिलेल्या या कामाचा प्रत्येक कोल्हापूरकराला अभिमान वाटावा, असे मला मनापासून वाटते.

जाणाऱ्यांनी जुलैअखेर ते ऑगस्ट हा काळ धरावा, मात्र निघण्यापूर्वी दरवाज्यांची त्या दिवसाची स्थिती बातम्यांत पाहावी आणि कोल्हापूरजवळ पंचगंगा नदीवर असलेल्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळीही तपासावी. तिथे 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी आहे. पंचगंगा इशाऱ्याजवळ आली असेल तर परतीचा रस्ता पाण्याखाली जाऊ शकतो, म्हणून बेत पुढे ढकलावा. धरणावर सुरक्षारक्षक जिथे थांबवतील तिथेच थांबावे आणि नदीपात्रात अजिबात उतरू नये, कारण पुढचा दरवाजा कोणाची वाट पाहत नाही. राऊतवाडीचा धबधबा जवळच आहे. तिथे शेवाळलेल्या दगडांवर पकड घेणारे बूट घालावेत आणि जळवांसाठी सोबत मीठ ठेवावे. दाजीपूरच्या जंगलात गवे पाहायचे असतील तर पावसाळा संपल्यावर वेगळी फेरी करावी.